मुनाबाव : शेवटच्या स्थानकाचे ऋण

(निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कल्याण येथील मेळाव्यात ९ सप्टेंबर रोजी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज ९ सप्टेंबर. आपल्याकडे या तारखेला कोणताही राष्ट्रीय दिन साजरा होत नाही. परंतु राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात, गडरा रोड नावाच्या एका लहानशा स्थानकावर आज रेल्वे कर्मचारी एकत्र येतात, एका स्मारकावर पुष्पचक्र वाहतात आणि काही क्षण स्तब्ध उभे राहतात. १९६५ च्या युद्धात याच परिसरात सतरा रेल्वे कर्मचारी धारातीर्थी पडले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. रूळ, गाडी आणि रसद एवढेच त्यांचे आयुध होते.

या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी उभी हयात रेल्वेत घालवली आहे. मीही त्यातलाच. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, नोकरीत असताना मला या सतरा जणांची कथा ठाऊक नव्हती. निवृत्तीनंतर बाडमेरकडे जाण्याचा योग आला, तेव्हा ती प्रथम कानावर पडली आणि मन खिन्न झाले. आपल्याच सेवेतील हुतात्मे आपल्यालाच अपरिचित राहावेत, ही गोष्ट भूषणावह नाही. म्हणून आज मी गडरा रोड आणि त्याच्या पुढचे, भारताच्या त्या कडेचे शेवटचे स्थानक मुनाबाव, यांची कथा आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घेऊ. जोधपूरहून पश्चिमेकडे निघालेला लोहमार्ग बालोतरा ओलांडून बाडमेरला पोहोचतो. बाडमेरच्या पुढे सुमारे १२० किलोमीटर थरचे वाळवंट आहे. रामसर, गागरिया, गडरा रोड अशी स्थानके मागे टाकीत गाडी मुनाबावला येते आणि थांबते. पलीकडे सीमा आहे. सीमेपलीकडे सुमारे दहा किलोमीटरवर सिंधमधील खोखरापार. या मुलुखात वाळू हीच रेल्वेची मोठी वैरी. रात्री वारा सुटला की पहाटेपर्यंत रूळ वाळूखाली जातात आणि गँगमनांना फावडी घेऊन ते मोकळे करावे लागतात. आपल्या कोकणात पावसाळ्यात दरड कोसळली की रेल्वे थांबते. तिकडे ऋतू कोणताही असो, वाळूची दरड रोज कोसळत असते. एके काळी या मार्गावरील वस्त्यांना पिण्याचे पाणीसुद्धा रेल्वेच पुरवीत असे. अशा ठिकाणी स्थानक म्हणजे केवळ तिकीटघर नसते. ते त्या परिसराचे जीवन असते.

हा मार्ग बांधला तेव्हा तेथे सीमा नव्हती. जोधपूर संस्थानाने आपली रेल्वे १८८२ साली सुरू केली. १८८५ मध्ये ती जोधपूर शहरापर्यंत पोहोचली आणि १९०० च्या सुमारास सिंधमधील रेल्वेशी जोडली गेली. ज्याला मारवाडात 'छपनिया' म्हणतात तो विक्रम संवत १९५६ चा भीषण दुष्काळ त्याच काळातला. अन्नाविना माणसे आणि गुरे तडफडत असताना धान्य आणणारा लोहमार्ग त्या प्रदेशाला किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढे 'सिंध मेल' या मार्गावरून अहमदाबाद आणि सिंध-हैदराबाद यांच्यामध्ये धावू लागली. अमरकोटचा सोढा राजपूत मारवाडात सोयरीक करीत होता, सिंधचा व्यापारी गुजरातेत पेढी उघडीत होता. विशेष म्हणजे जोधपूर संस्थानाची रेल्वे सिंधच्या भूमीवरही तीनशे मैलांहून अधिक अंतर धावत होती.

आता १९४७ कडे येऊ. पंजाब आणि बंगालमध्ये रॅडक्लिफ यांनी नवी रेषा ओढली. येथे मात्र नवी रेषा ओढावी लागली नाही. जोधपूर संस्थान आणि सिंध प्रांत यांच्यातील जुनी हद्द हीच एका रात्रीत दोन राष्ट्रांची सीमा ठरली. गडरा हे मूळ गाव पाकिस्तानात राहिले आणि त्याच्या नावाचे गडरा रोड स्थानक भारतात राहिले. गाव एका देशात आणि त्याचे स्थानक दुसऱ्या देशात! फाळणीचे याहून बोलके चित्र मी तरी पाहिलेले नाही.

परंतु ही सीमा आणखी कितीतरी पूर्वेकडे सरकली असती, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावर लिहिलेल्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. जोधपूरचे तरुण महाराजा हनवंतसिंह यांना जिनांनी मोठी प्रलोभने दाखवली. कराची बंदराचा मुक्त वापर, शस्त्रांची मुक्त आयात, दुष्काळी भागासाठी धान्य आणि जोधपूर-सिंध हैदराबाद रेल्वेवरील अधिकार! याच लोहमार्गाचे आमिष पुढे करून जोधपूर संस्थान पाकिस्तानात ओढण्याचा तो प्रयत्न होता. जिनांनी कोऱ्या कागदावर स्वाक्षरी करून तो महाराजांपुढे ठेवल्याचे मेनन लिहितात. त्या वेळी समवेत असलेल्या जैसलमेरच्या महाराजकुमारांनी एक प्रश्न विचारला. हिंदू आणि मुसलमान यांच्यात संघर्ष उद्भवला तर काय? त्या प्रश्नाने महाराजा विचारात पडले. पुढे सरदार पटेलांनी आणि मेनन यांनी चातुर्याने परिस्थिती हाताळली, धान्याचे आणि कच्छच्या बंदरापर्यंत रेल्वेचे आश्वासन दिले आणि स्वातंत्र्यास अवघे काही दिवस उरले असता जोधपूर भारतात सामील झाले. तसे झाले नसते तर शेवटचे स्थानक मुनाबाव राहिले नसते. ते अरवलीच्या पायथ्याशी कुठेतरी शोधावे लागले असते. एका लोहमार्गाचे राष्ट्राच्या भवितव्यात केवढे मोल असू शकते, हे यावरून आपण समजून घ्यावे.

त्यानंतर या रुळांवरून आले ते निर्वासितांचे लोंढे. सिंधमधील लक्षावधी हिंदूंना पिढ्यानपिढ्यांची घरे सोडावी लागली. अनेक जण कराचीहून जहाजाने मुंबईला आले आणि अनेक जण मीरपूर खास, खोखरापार, मुनाबाव या मार्गाने रेल्वेने जोधपूर आणि मारवाड जंक्शनला आले. त्यांपैकी सहस्रावधी कुटुंबे शेवटी कोठे पोहोचली? आपण बसलो आहोत त्या कल्याणला! येथील लष्करी छावणीच्या ओसाड बराकींमध्ये त्यांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. रिकाम्या हाताने आलेल्या या समाजाने भीक मागितली नाही. लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकली, पापड लाटले, कापडाचे तागे खांद्यावर वाहिले आणि दोन पिढ्यांत एक उद्योगनगरी उभी केली. आजच्या सभेला त्या कुटुंबांतील काही मंडळी आवर्जून आली आहेत. त्यांच्या आजी-आजोबांनी भारताचा पहिला फलक वाचला असेल तो कदाचित मुनाबावचाच. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की याच मार्गाने उलट दिशेला मुसलमान निर्वासितही गेले. दुःखाची ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू होती.

फाळणीनंतरही अठरा वर्षे या मार्गावर सीमेपारची गाडी धावत राहिली. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्धाने ती थांबवली. बाडमेर आघाडीवर ८ सप्टेंबरला आपल्या सैन्याने गडरा गाव घेतले. पुढे जाणाऱ्या सैन्याला दारूगोळा, अन्न आणि पाणी पोहोचवण्यासाठी वाळवंटात भरवशाचा मार्ग एकच होता, तो म्हणजे ही एकेरी लाइन. शत्रूलाही ते ठाऊक होते. म्हणून पाकिस्तानी विमानांनी सैनिकी ठाण्यांइकतेच लक्ष रुळांवर आणि गाड्यांवर केंद्रित केले.

मित्रहो, आपण सारे या व्यवसायातले आहोत. बॉम्ब पडून रूळ तुटला म्हणजे काय होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको. तुटलेला तुकडा बाजूला काढायचा, खड्डा भरायचा, स्लीपर बसवायचे, नवा रूळ आणून फिशप्लेट आवळायच्या. शांततेच्या काळातही हे काम घाम काढते. तेथे ते उघड्या वाळवंटात करायचे होते. आडोशाला झाड नाही, वर शत्रूची विमाने घिरट्या घालीत आहेत. लष्करी शिस्तीत वाढलेला सैनिक अशा वेळी तग धरतो, कारण त्याला त्याचे शिक्षण मिळालेले असते. या गँगमनांना, फायरमनांना, चालकांना कोणी युद्धाचे शिक्षण दिले होते? 'गाडी पुढे गेली पाहिजे' एवढेच त्यांना शिकवलेले होते, आणि तेवढ्या एका वाक्यासाठी सतरा जणांनी प्राण दिले.

त्याच दिवसांत मुनाबाववर पाकिस्तानी तोफांचा भडिमार सुरू झाला. त्याच्या बचावासाठी धाडलेल्यांत ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडीही होती. रूळ तुटल्यामुळे रसद वेळेवर पोहोचणे कठीण झाले, शत्रूचे बळ अधिक ठरले आणि मुनाबाव हातचे गेले. जानेवारी १९६६ मधील ताश्कंद करारानंतर ते पुन्हा आपल्याकडे आले. हा पराभवाचा क्षण मी मुद्दाम सांगतो आहे. रूळ शाबूत असतो तेथवरच सैन्याची धाव असते, हा धडा त्या पराभवाने दिला आणि त्या सतरा जणांनी रूळ शाबूत राखण्यासाठी प्राण का पणाला लावले, याचेही उत्तर त्यातच आहे.

सहा वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, हा धडा किती पक्का गिरवला गेला होता ते जगाने पाहिले. आपले सैन्य याच मार्गाने खोखरापार ओलांडून नया छोरच्या दिशेने सिंधमध्ये खोलवर गेले. सैन्यामागोमाग रेल्वेही गेली. मुनाबाव आणि खोखरापार यांच्यातील तुटलेला दुवा सांधून भारतीय गाड्या शत्रूच्या हद्दीत रसद घेऊन गेल्या. हवाई हल्ल्यांना न जुमानता गाडी पुढे नेणारे रेल्वेचे इंजिनचालक दुर्गाशंकर पालीवाल यांना वीरचक्र देऊन गौरवण्यात आले. रणांगणातील पराक्रमासाठी दिले जाणारे हे पदक एका इंजिनचालकाच्या छातीवर झळकले. आपल्या मुलांना आणि नातवंडांना हे नाव आपण आवर्जून सांगितले पाहिजे.

१९७२ च्या सिमला करारानंतर जिंकलेला प्रदेश परत करण्यात आला. त्या भागातील सहस्रावधी हिंदू कुटुंबे, त्यांत सोढा राजपूत होते, मेघवाळ होते, भिल्ल होते, युद्धकाळात भारतात आली आणि येथेच राहिली. युद्धभूमीवरील जय आणि वाटाघाटींच्या मेजावरील हिशेब यांचा मेळ बसला की नाही, यावर आजही वाद होतात. त्यात मी शिरत नाही. प्रदेश परत गेला, माणसे मात्र आपली झाली, एवढे खरे.

नंतर तीन दशकांहून अधिक काळ मुनाबावपुढचे रूळ मुके होते. अखेर १८ फेब्रुवारी २००६ रोजी थर एक्स्प्रेस सुरू झाली आणि ४१ वर्षांनी सीमेपारची गाडी पुन्हा धावली. तोवर दोन्ही बाजूंना रुंद मार्ग तयार झाला होता. पाकिस्तानने सीमेलगत 'झिरो पॉइंट' नावाचे नवे स्थानक बांधले होते. जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकावरून आठवड्यातून एकदा गाडी सुटे. मुनाबावला पारपत्रे, प्रवेशपत्रे आणि सामान यांची तपासणी होई. सीमाशुल्क विभागाचे अधिकारी, पारपत्र तपासणारे, सुरक्षा दलांचे जवान आणि रेल्वेचे कर्मचारी असा सारा संसार त्या वाळवंटातील स्थानकात थाटला गेला. एरवी ज्या फलाटावर दिवसाकाठी मोजकी माणसे उतरत, तेथे त्या दिवशी गाठोडी, ट्रंका, लग्नाचे रुखवत आणि गळ्यात पडून रडणारी म्हातारी माणसे यांची गर्दी उसळे. गाडी सुरू होण्याआधी, २००६ च्या जानेवारीअखेरीस, जसवंतसिंह यांच्या नेतृत्वाखाली यात्रेकरूंचा एक जथा मुनाबावमार्गेच बलुचिस्तानातील हिंगलाज मातेच्या दर्शनाला गेला होता. वाळवंटाची गंमत पाहा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाडमेरला महापूर आला, मार्ग वाहून गेला आणि नव्याने सुरू झालेली गाडी काही महिने बंद ठेवावी लागली.

या गाडीचा अर्थ तेथील लोकांना विचारावा. अमरकोटकडील सोढा एकाच कुळाचे असल्याने आपसांत विवाह करीत नाहीत. त्यांना सोयरीक राजस्थानातच शोधावी लागते. त्यांच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे वंशसातत्याचा प्रश्न होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागली गेलेली मुसलमान कुटुंबेही याच गाडीने परस्परांना भेटत. आणि आणखी एक प्रवासी या गाडीत असे. सिंधमधील असुरक्षिततेला कंटाळलेला हिंदू, हातात अल्प मुदतीचे प्रवेशपत्र आणि मनात परत न जाण्याचा निश्चय घेऊन येणारा. जोधपूरच्या परिसरातील निर्वासित वस्त्या अशाच माणसांनी वसल्या. त्यांना नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा संमत झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, तेव्हा ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्यांना काहीसा मोकळा श्वास घेता आला. त्यानंतर आलेल्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये, कलम ३७० विषयीच्या निर्णयानंतर, पाकिस्तानने समझौता एक्स्प्रेसपाठोपाठ थर एक्स्प्रेसही बंद केली. त्याच वर्षी बाडमेर-जैसलमेरकडच्या काही तरुणांचे विवाह सिंधमध्ये झाले होते. त्यांच्या वधू तिकडेच अडकल्या. काहींना सासरचा उंबरठा ओलांडायला २०२१ साल उजाडावे लागले, तेही शेकडो मैलांचा वळसा घालून अटारीमार्गे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाली आणि त्यानंतर अटारीचे दारही बंद झाले. मे महिन्यातील ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत सीमेलगतच्या या जिल्ह्यात दिवे मालवले गेले आणि तेथील रेल्वे वाहतूक काही दिवस थांबवावी लागली.

गाडी पुन्हा सुरू व्हावी का? सीमेवरची दारे कधी उघडायची आणि कधी लावायची, हे राष्ट्राच्या सुरक्षेनेच ठरले पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ज्या देशातून मारेकरी पाठवले जातात, त्याच्याशी भाबडेपणाने व्यवहार करता येत नाही. परंतु दार लावताना उंबरठ्यावर कोण उभे आहे, हे पाहण्याचे आपले कर्तव्य संपत नाही. जुलै २०१८ मधील एक घटना सांगतो. बाडमेर जिल्ह्यातील एक वृद्ध स्त्री नातेवाइकांना भेटायला सिंधमध्ये गेली आणि तिथेच तिचा अंत झाला. त्या आठवड्याची गाडी निघून गेली होती. अखेर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी मुनाबाव-खोखरापारचे फाटक खास उघडले आणि तिचा देह मायभूमीला परत आला. ती मुसलमान होती. भारताची लेक होती, म्हणून भारताने दार उघडले. खंबीरपणा आणि माणुसकी एकत्र नांदू शकतात, हे त्या फाटकाने दाखवून दिले.

बाडमेरहून मुनाबावपर्यंतची आपली देशांतर्गत गाडी आजही महत्त्वाची आहे. सीमेलगतच्या खेड्यातील मुलगा त्या गाडीने शाळेला जातो, रुग्ण बाडमेरच्या रुग्णालयात जातो, जवान सुट्टीवर घरी जातो. प्रवासी मोजके, उत्पन्न तुटपुंजे. उद्या एखादा हिशेबनीस म्हणेल, ही सेवा तोट्याची आहे. त्याला आपण सांगितले पाहिजे की सीमेवरचे गाव ओस पडले की सीमा उघडी पडते. गाव टिकवायचे असेल तर तेथे पाणी हवे, शाळा हवी, दवाखाना हवा आणि रोज वेळेवर येणारी गाडी हवी. या गाडीचा खर्च तोट्याच्या खात्यात लिहिणे चूक आहे. त्याची नोंद संरक्षणाच्या खात्यात व्हायला हवी.

म्हणून बंधूंनो, आपण तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. पहिली, दरवर्षी ९ सप्टेंबरला जेथे असू तेथे, आपल्या कार्यालयात, वसाहतीत वा स्थानकावर त्या सतरा जणांचे स्मरण करावे. दुसरी, राजस्थानच्या सहलीला जाणाऱ्यांनी जैसलमेरची वाळू पाहून परतू नये. एक दिवस वाट वाकडी करून गडरा रोडच्या स्मारकापुढे मस्तक नमवावे. सीमाभागात जाण्यासाठीचे नियम मात्र आधी विचारून घ्यावेत. आणि तिसरी, सिंधमधून अलीकडे आलेल्या एखाद्या कुटुंबाची गाठ पडली तर त्याच्या कागदपत्रांसाठी, त्याच्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी आपला थोडा वेळ द्यावा. रेल्वेतील माणसाला अर्ज कसा लिहावा आणि कोणत्या खिडकीवर द्यावा, हे उत्तम कळते. ते ज्ञान आता त्यांच्या उपयोगी पडू द्या.

शेवटी एक आठवण. मी गेलो त्या दिवशी मुनाबावच्या फलाटावर एक गँगमन फावड्याने वाळू सारीत होता. पलीकडे जाणाऱ्या रुळांवरून वर्षानुवर्षे एकही गाडी गेलेली नाही. मी त्याला विचारले, "भाई, हे रूळ कशासाठी साफ करता?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "साहेब, रूळ आपला आहे." एवढे बोलून तो पुन्हा कामाला लागला.

सतरा जणांनी ज्यासाठी प्राण दिले, ते याच तीन शब्दांत आहे. ते विसरू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

भारत माता की जय!